डाव्या हाताचे टाके

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला नव्या गोधडीच्या मधोमध पुन्हा फुगा आला आणि थोरलीने हातातली सुई टेबलावर टाकली.

"संपलं," ती म्हणाली. "दोनदा उसवली, तिसऱ्यांदा शिवली. आता पाच वाजता संग्रहालयाच्या बाई आल्या की सांगायचं, घेऊन जा जुनी आणि ठेवा कुलपात. आमच्याच्याने नाही झालं."

थोरलीच्या शिवणाच्या दुकानाचं शटर खाली ओढलेलं होतं. कापड बेतायची दोन्ही टेबलं एकमेकांना जोडली होती. डावीकडे पांढऱ्या चादरीवर आईची जुनी गोधडी, उजवीकडे लाकडी चौकटीवर, दोऱ्या सैल केलेली नवी. गेले अकरा महिने दर रविवारी घरातली चौघं आणि ओळखीची दोघं, असं हे मंडळ इथे जमत होतं आणि जुनीतला एकेक तुकडा बघून नवीतला बेतत होतं. जुनीतलं रेशीम आईच्या आजीच्या पेटीतलं. त्याला बोट लावलं की बोटाला रंग यायचा आणि कापड विरायचं. म्हणूनच संग्रहालयाने ती मागून घेतली होती. बोलणं असं झालं होतं, की जुनी अंधाऱ्या खणात जपायची आणि लोकांना बघायला भिंतीवर नवी टांगायची. मात्र नवी टाक्याला टाका जुळणारी हवी. नाही जमलं तर जुनी खणात जाईल, भिंत रिकामी राहील, आणि आईने असं काही केलं होतं हे चार नातेवाईक सोडले तर कुणाला कळणारही नाही.

"किनार तर बघत राहावी अशी झालीय," नर्सबाई म्हणाल्या. त्या रुग्णालयातून निवृत्त झाल्या होत्या, पण धीर द्यायची सवय सुटली नव्हती.

"किनार कोण बघतंय? नजर जाते ती मधोमध. आणि मधोमध बघा, खाली कुणी उशी लपवल्यासारखं दिसतंय."

"इस्त्री मारून?" छापखान्यातल्या काकांनी विचारलं.

"चार वेळा मारली, काका," थोरलीची धाकटी बहीण म्हणाली. "इस्त्री उचलली की पुन्हा वर. आमच्याच घराण्यातला आहे तो, सांगून ऐकायचा नाही."

इस्त्री वहिनीच्या हातात होती. मंडळातली तिची कामं ठरलेली. इस्त्री करायची, सुयांत दोरे ओवायचे, मोजमापं लिहून घ्यायची. टाका घालायचा नाही. खरं तर ती थोरलीच्या पाठच्या भावाची बायको, पण धाकटी वहिनी म्हणते म्हणून सगळेच वहिनी म्हणत, थोरलीसुद्धा. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने हौसेने दुकानातल्या एका झग्याची खालची दुमड घातली होती. थोरलीने ती गिऱ्हाइकांसमोर उसवली. "उलट्या हाताचं माझ्या दुकानात चालणार नाही. सगळ्यांचे टाके एकीकडे कलतात, हिचे दुसरीकडे. लांबून ओळखू येतं." त्यावर वहिनीने वाद घातला नाही. पुढे चाळीस वर्षं ती शिवत राहिली, पण स्वतःच्या घरी, दार लोटून. उशांचे अभ्रे, नातवंडांची दुपटी, नवऱ्याचे फाटके खिसे.

तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि जुन्या गोधडीपाशी गेली. अकरा महिने तिने ती वरून पाहिली होती. आता गुडघे टेकून, टेबलाच्या कडेला हनुवटी आणून, कापडाच्या पातळीवरून तिने पाहिलं. खिडकीतलं ऊन तिरकं येत होतं आणि प्रत्येक टाक्याची एक बारीक सावली पडली होती.

बाहेरच्या ओळींच्या सावल्या एका बाजूला कललेल्या. मधल्या सहा चौकोनांच्या, एकात एक शिवलेल्या त्या चौकोनांच्या, दुसऱ्या बाजूला.

तिला आधी वाटलं, आपल्याला आपलंच दिसतंय. डोळे मिटून तिने पुन्हा पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, "हे टाके माझ्यासारखे आहेत."

"कुठले?"

"मधले. हे डाव्या हाताचे आहेत."

"काहीतरीच बोलू नकोस."

"ताई, चाळीस वर्षं मी हेच टाके लपवत आले. मला ओळखू नाही येणार?"

काका आपलं भिंग घेऊन उठले. छापखान्यात अक्षरांचे उलटे खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता. "सरका जरा वहिनी. उलटं वाचण्यातच मी म्हातारा झालो." ते बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले ते हसतच. "बरोबर बोलतायत. आणि फुगा का येतो तेही कळलं. शिवताना वरचं कापड हाताबरोबर थोडं पुढे सरकतं. आपण सगळे उजव्या हाताचे, त्यामुळे आपलं सगळं कापड एकाच बाजूला ओढलं गेलं. तो पीळ मधोमध येऊन साठला. इथे बाहेरचा हात एकीकडे ओढतोय आणि आतला दुसरीकडे. दोघांनी मिळून गोधडी सपाट ठेवलीय."

"आई कधीकधी डाव्या हाताने शिवायची," थोरली म्हणाली. जरा घाईने.

"कधी?" धाकटीने विचारलं. "मी तर नाही पाहिलं."

"तू लहान होतीस."

भाऊ इतका वेळ खिडकीपाशी पेपर वाचत बसला होता. बहिणींच्या मध्ये जन्मल्यापासून त्याने हे एक शास्त्र नीट शिकून घेतलं होतं, की दोघी बोलत असताना पेपर खाली करायचा नाही. आज त्याने केला. आपली बायको दार लोटून शिवते हे त्याला चाळीस वर्षं माहीत होतं. दाराबाहेरून त्याने अनेकदा पाहिलंही होतं. कुणाला एक शब्द बोलला नव्हता, तिलासुद्धा नाही.

"मागची बाजू बघू," तो म्हणाला. "दोरा संपतो तिथे गाठ असेल ना?"

"हात लावू नकोस, बाळ्या, फाटेल!" थोरली ओरडली. सहासष्ट वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती.

पण नर्सबाईंनी तोवर जखमेवरची पट्टी उचलावी तशा हलक्या हाताने चादरीसकट कोपरा उचलला होता. भावाने खाली वाकून पाहिलं. मधल्या भागाच्या मागे एक बुटकी, चपटी, तीन वेढ्यांची गाठ होती.

"ही अप्पांची गाठ आहे, आमच्या वडिलांची," तो म्हणाला. "तंबूच्या दोरीची. माझ्या दप्तराचा पट्टा तुटला की अशीच मारून द्यायचे. आणि अप्पा डावरे होते."

थोरली खुर्चीत बसली.

एकाहत्तराव्या वर्षीही तिच्या हातांना सवय होती, की मन ठिकाणावर नसलं तरी बोटं काहीतरी करत राहायची. आताही ती साडीच्या पदराच्या कडेवरून बोट फिरवत होती, टाके मोजल्यासारखी.

"मी अकरा वर्षांची होते," ती म्हणाली. "छोटी, तू दीड महिन्याची. आई छातीच्या दुखण्याने रुग्णालयात, सात महिने. दिवसा तुला मावशी सांभाळायची. अप्पा पहाटे उठायचे आणि तंबूच्या कारखान्यात जायच्या आधी दार लावून बसायचे. एकदा मी ढकललं तर आत ते आईच्या आजीच्या पेटीतलं रेशीम मांडीवर घेऊन शिवत होते. दिवसभर तंबूचं जाड कापड शिवणारा माणूस. ती एवढीशी सुई बोटांत सापडायची नाही त्यांना. मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस, कारखान्यात कळलं तर हसतील."

धाकटी जुन्या गोधडीकडे बघत होती. "मधला भाग केवढा आहे?"

वहिनीला पाठ होतं. "चार वीत रुंद, पाच वीत लांब."

"एवढ्या मापात बाळ गुंडाळतात," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "मी हजारभर तरी गुंडाळलीत."

"हो," थोरली म्हणाली. "ती तुझ्यासाठीच होती. आई घरी आली, तिने पाहिली, आणि तिच्याभोवती बाकीची वाढवली. पुढे ती प्रदर्शनात गेली. एका बाईने एकटीने शिवलेली असली पाहिजे, असा तिथला नियम होता. आई तिथे खरं सांगणार होती. अप्पाच म्हणाले, राहू दे, बक्षीस तुला मिळू दे. बक्षीस देताना सगळ्यात मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते."

"आणि मला कुणीच सांगितलं नाही."

"आईला वाटायचं अप्पा सांगतील. अप्पांना वाटायचं आई सांगेल. मग दोघंही गेली."

"तू होतीस की!"

थोरलीचं पदरावरून फिरणारं बोट थांबलं.

"मी साठ वर्षांची झाले, ताई," धाकटी म्हणाली. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज आता समोरच्यालाही जेमतेम ऐकू येत होता. "मला अप्पांनी कधी उचलून घेतल्याचं आठवत नाही. मोठी झाल्यावर मी घरी यायचे, आईपाशी बसायचे, निघताना त्यांना म्हणायचे 'येते', आणि ते म्हणायचे 'हं'. वीस वर्षं आमचं एवढंच बोलणं. मी त्यांना दगड म्हणायचे. तुझ्यासमोर म्हणायचे! तू हसायचीस."

ती मागच्या दाराने अंगणात निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

"ताई, आणि माझ्या बायकोचं काय?" भाऊ म्हणाला. आपण एवढ्या मोठ्याने बोलू शकतो हे त्यालाही नवीन होतं. "तुला माहीत होतं की आपल्या घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू डाव्या हाताने शिवलीय. आणि तू हिला चाळीस वर्षं दोरे ओवायला लावलेस?"

"अहो, जाऊ द्या," वहिनी म्हणाली.

"नाही जाऊ द्यायचं. मीही गप्प बसलो, ते माझं चुकलंच. पण आता नाही."

थोरलीने मान वर केली. "हिची ती दुमड मी उसवली ना, बाळ्या, ती भीतीपोटी. दुकानाच्या पाटीवर मी आईचं नाव घातलेलं. आईच्या हातची कला म्हणून लोक लांबून यायचे. हिचे टाके बघितले की मला अप्पांचे टाके दिसायचे. आज ना उद्या कुणीतरी शेजारी शेजारी ठेवून बघेल, असं वाटायचं." ती वहिनीकडे वळली. "तुझा टाका कधीच वाईट नव्हता. माझ्यापेक्षा बारीक होता. मी तुझ्याशी वाईट वागले. चुकलं माझं."

वहिनीने या वाक्याची किती वर्षं वाट पाहिली होती ते तिचं तिला ठाऊक. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना तिने त्यावर द्यायची उत्तरं तयार केली होती, एकाहून एक झणझणीत. त्यातलं एकही आठवेना.

"ते आपण सावकाश बघू, ताई," ती म्हणाली. "आधी सांगा, वाजले किती?"

"पावणेअकरा," काका म्हणाले.

"मधले सहाच्या सहा चौकोन उसवायला सगळ्यांनी मिळून एक तास. शिवायला मला चार तास लागतील. मध्ये कुणी मला 'दमलीस का' विचारायचं नाही."

अंगणातल्या नळाखाली धाकटीने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. ती अप्पांचे हात आठवायचा प्रयत्न करत होती, आणि आठवत होती ती फक्त नखांखालची मेणाची काळी रेघ. तंबूच्या दोऱ्याला मेण चोळतात. त्या नखांनी ते रेशीम धरलं असेल. मळू नये म्हणून आधी हात किती वेळा धुतले असतील?

ती खूप रडली. रडणं संपल्यावर तिच्या लक्षात आलं, की मधूनमधून आपण हसतही होतो.

आत आली तेव्हा थोरली, नर्सबाई आणि काका तीन बाजूंनी उसवायला बसले होते. चौथी बाजू रिकामी होती. धाकटीने खुर्ची ओढली, कात्री उचलली.

"ताई, मी उद्या तुझ्याशी भांडणार आहे," ती म्हणाली. "चांगलं दिवसभर. डबा घेऊन येणार आहे. आज पाच वाजेपर्यंत मात्र वेळ नाही."

"ये," थोरली म्हणाली. "मी दुकान बंद ठेवते."

पावणेबाराला मधला भाग मोकळा झाला. दोऱ्या पुन्हा ताणून वहिनी चौकटीपाशी बसली. इतक्या लोकांसमोर डाव्या हातात सुई घेतली आणि सवयीने एकदा दार लोटलंय का ते पाहिलं. कोणीतरी तिच्या कोपराशी दोरा ओवलेली दुसरी सुई आणून ठेवली. तिने पाहिलं तर थोरली. चष्मा कपाळावर चढवून, जीभ दातांत धरून ती तिसरी सुई ओवत होती, आणि दोरा भोकाच्या शेजारून जात होता.

"ताई, दोऱ्याचं टोक आधी तिरकं कापा."

"मला शिकवू नकोस," थोरली म्हणाली आणि तिरकं कापलं.

वहिनीने पहिला टाका घातला.

पहिला चौकोन संपायला तासाच्या वर गेला, कारण तो सगळ्यात मोठा होता आणि दर वीतभर अंतरावर ती थांबून जुनीशी ताडून बघत होती. दुसऱ्यापासून हाताला चाल सापडली. काका भिंग घेऊन जुनीवर वाकले होते आणि एका वितीत किती टाके ते सांगत होते. "इथे सव्वीस. आता कोपरा. कोपऱ्यावर त्यांनी एक टाका मोठा घेतलाय, वहिनी. घाई झाली असेल कामावर जायची."

"घेतला मोठा."

"वहिनी, हा तर तुमच्या डाव्या हाताचा मळ," काका म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर इतके हसले की भिंग खाली पडलं.

नर्सबाईंनी चौथ्या चौकोनाच्या वेळी तिचा खांदा चोळून दिला. विचारलं मात्र काही नाही. भाऊ तिच्या मागे उभा होता. कुणी त्याला काम दिलं नव्हतं, म्हणून तो ऊन सरकेल तसा खिडकीचा पडदा सरकवत राहिला, तिच्या हातावर उजेड राहील असा. पाचव्या चौकोनाला तिने मान न वळवता म्हटलं, "थोडा डावीकडे," आणि त्याने एखाद्या मोठ्या जबाबदारीसारखा तो पडदा दोन बोटं डावीकडे घेतला.

सहावा चौकोन अगदी लहान, मधोमधचा. तो संपत आला तशी धाकटी जवळ आली.

"शेवटची गाठ दादा मारू दे?" तिने विचारलं. "त्याला अप्पांची गाठ येते."

"मला येते असं कुठे म्हणालो? मी ओळखली."

"हात पुढे कर," थोरली म्हणाली. "तीन वेढे आणि खाली ओढून चपटी. पट्टा तुटला की मला पण त्यांनीच शिकवली होती."

तीन भावंडांच्या सहा हातांची गर्दी त्या इवल्याशा गाठीभोवती झाली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी चौकटीच्या दोऱ्या सोडल्या. एकेक कड मोकळी होताना सगळे मधोमध बघत होते. ताण गेला की फुगा येतो हे तीनदा पाहून झालं होतं. शेवटची दोरी थोरलीने सोडली. गोधडी टेबलावर आडवी पडली, कडेला जराशी हलली आणि सपाट झाली.

थोरलीने मधोमध तळहात ठेवला. इकडून तिकडे फिरवला. पुन्हा फिरवला.

"बसली," ती म्हणाली.

नर्सबाईंनी अशी आरोळी ठोकली की शेजारचा घड्याळजी काय झालं म्हणून शटर वाजवायला आला. त्यालाही आत ओढून गोधडी दाखवण्यात आली. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण सगळ्यांबरोबर तोही हसत सुटला. काकांनी वहिनीचा डावा हात धरून वर उचलला, कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा उचलतात तसा.

संग्रहालयाच्या बाई बरोबर पाचला आल्या. तरुण होत्या, पांढरे हातमोजे घातलेले, बोलण्यात काटकसर. त्यांनी नव्या गोधडीची किनार मोजली, तुकडे मोजले, मागची बाजू पाहिली. मग दोन्ही गोधड्यांवर आळीपाळीने दिवा तिरका धरला आणि थांबल्या.

"मधले टाके उलटे कललेत," त्या म्हणाल्या. "नवीतही. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला दिसतं का, ते बघायचं होतं." दिवा बंद करून त्या पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "मला एवढी हुबेहूब आजवर कुणी आणून दिलेली नाही. ही भिंतीवर जाणार."

मग त्यांनी पिशवीतून छापलेलं कार्ड काढलं. त्यावर आईचं नाव होतं आणि खाली, 'एकटीने शिवलेली'.

"हे तपासून घ्या."

कार्ड थोरलीच्या हातात होतं. तिने धाकटीकडे पाहिलं.

"आईचं बक्षीस..." धाकटी म्हणाली. "लोक आईला खोटी म्हणतील, ताई."

"बाहेरची सगळी तिचीच आहे. सात महिने अंथरुणावर काढून उठलेल्या बाईने शिवलीय, त्यात खोटं काय आहे? पण मधली तिची नाही." थोरलीने कार्ड बाईंना परत दिलं. "'एकटीने' खोडा. आणि पुढचं छोटी सांगेल."

धाकटीने घसा साफ केला. वर्गात श्रुतलेखन घालावं तसं तिने एकेक शब्द सावकाश सांगितला. मधला भाग वडिलांनी शिवला. ते तंबूच्या कारखान्यात कारागीर होते. तान्ह्या मुलीसाठी शिवला. बाहेरचा भाग आईने. 'तान्ह्या मुलीसाठी' म्हणताना ती अडखळली नाही. उलट त्या दोन शब्दांखाली तिने बाईंना रेघ मारायला लावली.

"आणि नवी?" बाईंनी दुसरं, कोरं कार्ड पुढे ओढलं. "कुणाकुणाची नावं घालायची?"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. दुकान तिचं, मंडळ तिचं, अकरा महिने शब्दही तिचाच चालला होता. काकांनी तर तिच्या नावाची अक्षरं मनातल्या मनात जुळवायला सुरुवातही केली होती.

थोरलीने पहिलं नाव सांगितलं ते वहिनीचं. पूर्ण नाव, माहेरचं आडनाव धरून. इतक्या वर्षांत ते तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, आणि तिला ते माहीत असेल असं वहिनीला कधी वाटलंही नव्हतं. मग नर्सबाई, काका, धाकटी. दोऱ्या सोडल्या आणि पडदा धरला म्हणून भावाचंही. स्वतःचं तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि तेही धाकटीने आठवण करून दिल्यावर.

"स्पेलिंग बघून घ्या हं," बाई म्हणाल्या. "एकदा भिंतीवर लागलं की बदलता येत नाही."

वहिनीने चष्मा लावला. कार्ड खिडकीपाशी नेलं आणि स्वतःचं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, बोट ठेवून, वाचलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "लावा."